नवाबाचं पोट

आपल्या घरांमध्ये माया दाखवण्याची एकच खात्रीची रीत आहे. ती म्हणजे खायला घालणं. पाहुणा दारात आला की त्याचं काम काय ते नंतर, आधी पाणी आणि मग चहा. आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात सफरचंदांची पिशवी. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नात्यातले आणि शेजारपाजारचे डबे घेऊन येतात. ईदच्या दिवशी शीरखुर्मा नको म्हणणाऱ्याला कुणी सोडत नाही. ज्याला तोंडाने चार गोड शब्द बोलता येत नाहीत, असा कोरडा माणूससुद्धा "खाना खाए क्या?" एवढं विचारतो आणि त्यात सगळं येतं. खायला न घालणं ही आपल्याकडे एक तर शिक्षा असते, नाही तर कंजूषी. तीही माया असू शकते, हे मला एका माशाने शिकवलं. मासाही केवढा, तर करंगळीएवढा.

पेठेत ज्याला 'फायटर' म्हणतात तो हा मासा. पुस्तकात त्याला बेटा म्हणतात. माझी मुलगी सातवीत होती. २०२३ च्या पावसाळ्यात तिने ईदीचे साठवलेले पैसे मोडून तो आणला. दुकानात तो पाणी प्यायच्या प्लास्टिकच्या ग्लासात ठेवलेला होता. रंग गडद निळा, शेपूट आणि पर असे झुलणारे की शेरवानी घालून कुणी दिवाणखान्यात फेऱ्या मारतोय असं वाटावं. म्हणून त्याचं नाव नवाब पडलं. मुलीने पुस्तकातून वाचून ग्लासाऐवजी १२ लिटर पाण्याची काचेची पेटी मागितली. ती आम्ही पुढच्या खोलीत, खिडकीपासून जरा लांब, अब्बांच्या खुर्चीशेजारी ठेवली.

या माशाचं मूळ गाव थायलंड, जुनं नाव सयाम. तिथल्या भातखाचरांत आणि उथळ, साचलेल्या पाण्यात तो राहतो. दोन नर समोरासमोर आले की भांडतात, म्हणून तिथे त्यांच्या झुंजी लावायची जुनी चाल आहे. आज जगभर तो ज्या शास्त्रीय नावाने ओळखला जातो, ते 'बेटा स्प्लेन्डेन्स' हे नाव १९१० साली रेगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दिलं. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. त्याची एक खोड आमच्या घरात सगळ्यांना नवी होती. दर थोड्या वेळाने तो वर येतो, पाण्याबाहेर तोंड काढतो आणि हवेचा घोट घेतो. कल्ल्यांशिवाय डोक्यात श्वासाचं एक वेगळं इंद्रिय त्याला असतं, त्यामुळे तो बाहेरची हवा घेऊ शकतो.

अब्बांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ये तो मरळ का रिश्तेदार है."

अब्बांचं लहानपण गोदावरीकाठच्या खेड्यात गेलं. मरळ मासा ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला तरी तासन्‌तास जिवंत राहतो, डोहात तो वर येऊन हवा घेतो, पिल्लांची राखण करतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मुलीने पुस्तक उघडलं, तर ते बरोबर निघालं. मरळ आणि बेटा एकाच गणातले आहेत. बेटाचा नरही पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंडी-पिल्लांची राखण करतो. त्या दिवसापासून नवाब हा अब्बांच्या गणगोतातला झाला.

अब्बांविषयी थोडं सांगायला हवं. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. बैलगाड्यांच्या काळापासून ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांपर्यंत सगळा ऊस त्यांच्या डोळ्यांसमोरून काट्यावर चढला आणि उतरला. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती. त्यांच्या पावतीवर शेतकरी कधी बोट ठेवत नसत. अम्मी गेल्यानंतर ते कमी बोलू लागले. पाच वक्त नमाज, सकाळचं मराठी वर्तमानपत्र, संध्याकाळी पेठेतून एक चक्कर, एवढाच त्यांचा दिवस. नवाब आल्यावर त्यात एक काम वाढलं. सकाळी फजर आटोपली की ते पेटीजवळ येत, काचेवर हलकेच नखाने टिचकी मारत, "सलाम नवाबसाब" म्हणत आणि दाणे टाकत. नवाब पुढे येई. मासा माणूस ओळखतो की नाही याचा वाद करणाऱ्यांनी करावा. दाणे टाकणारा हात तो ओळखतो, एवढं नक्की.

त्या वर्षीच्या डिसेंबरात थंडी कडक पडली. आमच्या कोपरगावची थंडी नाशिक जिल्ह्याकडून येते. शेजारच्या निफाडचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो, तेव्हा आमच्याकडेही लोक शेकोट्यांभोवती बसतात. एका सकाळी मुलगी म्हणाली, "नवाबचं पोट बघा."

पोट फुगलं होतं. बाजूने पाहिलं तर छातीखाली वाटाणा अडकल्यासारखा गोळा दिसत होता. नवाब एका कुशीवर कलून पाण्याच्या वरच्या थरात तरंगत होता. खाली जायचा प्रयत्न करी आणि बुचासारखा पुन्हा वर येई. पर मिटलेले. पेटीच्या तळाशी विष्ठा नव्हती. दाणा समोर आला तर तो तोंडात घेई आणि टाकून देई.

आता आपल्या समाजात आजाराला औषध सांगणाऱ्यांची वाण नाही. माणसाला सांगतात, तसं माशालाही सांगतात हे मला तेव्हा कळलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर, ओव्याचा अर्क दोन थेंब घाला, लेकराच्या पोटाला बरा पडतो." शाळेतल्या एका सहकाऱ्याने हिंगाचं पाणी सुचवलं. आमच्या खालाजान फोनवर म्हणाल्या, चिमूटभर मीठ टाक आणि दम करून घे. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली पुढे केली. ती बुरशीवरची होती. उकडलेला मटार सोलून द्या, हा सल्ला तर तिघांनी दिला. मटाराचा सल्ला अगदीच हवेतला नाही. गोल्डफिश पालापाचोळा खाणारा मासा आहे, त्याला मटार चालतो. बेटा मांसाहारी. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या हे त्याचं खाणं. त्याचं आतडं आखूड असतं. डाळ-भाजी पचवण्यासाठी ते घडवलेलंच नाही.

मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमचा तालुका उसाचा आणि दुधाचा. दवाखान्याच्या आवारात गायी, कालवडी आणि शेळ्या उभ्या होत्या, आणि मी मोबाइलवर माशाचं छायाचित्र घेऊन रांगेत होतो. लोक हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"सर," ते म्हणाले, "मासा आम्हाला अभ्यासाला होता. दवाखान्यात पहिल्यांदाच आला." छायाचित्र मोठं करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "खवले उभे राहिलेत का? सीताफळासारखे?"

"नाहीत. अंगाला चिकटून आहेत."

"मग बरं आहे. खवले उभे राहिले असते तर अंगात पाणी भरलंय असं समजायचं. त्यात मूत्रपिंडं गेलेली असतात, मासा सहसा वाचत नाही. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते का? नाही? मग जंतांचीही शंका कमी. हे बद्धकोष्ठ आहे. पोट भरलंय आणि माशाच्या अंगात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते तिच्यावर दाब येतोय. म्हणून तो कलतो."

मग त्यांनी गाईचं उदाहरण दिलं. ओला लसूणघास पोटभर खाल्ला की गाईला पोटफुगी होते, तेव्हा तिला गोडेतेल पाजतात. "माशाला कसं पाजणार? त्याला तीन गोष्टी करा. एक, खाणं बंद. तीन दिवस एक दाणाही नाही. मोठा निरोगी मासा तेवढ्याने मरत नाही. दोन, पाणी कोमट ठेवा. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं. तीन, मॅगसल्फ. आम्ही जनावरांना जुलाबासाठी देतो तेच. पण खताच्या दुकानातलं नको, औषधाच्या दुकानातलं घ्या."

मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, एप्सम सॉल्ट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू पाण्यात ते सतराव्या शतकात सापडलं म्हणून हे नाव. आमच्याकडे शेतकरी ते उसाला आणि द्राक्षाला घालतात, त्यामुळे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. दिसायला मिठासारखं असलं तरी ते स्वयंपाकातलं मीठ नव्हे. स्वयंपाकातल्या मिठाने माशाचं पोट मोकळं होत नाही. सौम्य प्रमाण साधारण १९ लिटरला एक सपाट छोटा चमचा. आमच्या १२ लिटरांना अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त लागलं. ते आधी वाटीभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं पेटीत सोडायचं. पेटीतलं पाणी उडून कमी झालं तर नुसतं पाणी भरायचं, कारण मॅगसल्फ उडत नाही. पाणी बदललं तर मात्र काढलेल्या पाण्याच्या हिशोबाने पुन्हा घालायचं. हा हिशोब अब्बांना लगेच कळला. भरलेली गाडी, रिकामी गाडी.

पाण्याची उष्णता मुलीने मोजली, १९ अंश भरली. बेटाला २५ ते २७ लागते. २५ वॅटचा छोटा हीटर आणला. एकदम ऊब देऊन चालत नाही, म्हणून दिवसभरात टप्प्याटप्प्याने पाणी २६ अंशांवर आणलं. रात्री वीज गेली की पेटीभोवती रजई गुंडाळायची. नव्या पाण्याची अडचण आम्हाला नव्हती. कोपरगावकराला पाणी साठवायची सवय शिकवावी लागत नाही. पिंपात एक-दोन दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो आणि ते माशाला मानवतं.

असं सगळं रीतसर सुरू झालं. घरात सर्वांना सांगितलं की तीन दिवस नवाबाला काही द्यायचं नाही. मुलगी म्हणाली, "नवाबचा रोजा आहे." अब्बा हसले आणि म्हणाले, "सेहरी के बगैर?"

तिसऱ्या दिवशी पोट तेवढंच होतं. किंबहुना जरा मोठंच. पाणी गढूळ झालं होतं आणि तळाशी भिजून फुटलेल्या दाण्यांचा भुगा होता. न खाल्लेला दाणा पाण्यात कुजतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि आजारी माशाला तो आणखी त्रास देतो. मी एक तृतीयांश पाणी बदललं. दाणे टाकले कुणी, हा प्रश्न होता. पत्नीने नाही, मी नाही, मुलीने नाही. अब्बांना विचारलं, तर ते म्हणाले, "डॉक्टर ने मना किया है ना? मैं क्यूं डालूंगा?"

मुलीने एक युक्ती केली. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत मोजून १०० दाणे भरले, डबा कपाटात ठेवला आणि बाटली नेहमीच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बाटली मोजली. ७१ उरले होते.

त्या दिवशी शनिवार होता, माझी शाळा सकाळची. मी दुपारी पुढच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. जोहरची नमाज झाली आणि अब्बा आले. काचेवर टिचकी मारली. "सलाम नवाबसाब. भूक लगी होगी." बाटली उघडली, तळहातावर चार-पाच दाणे घेतले, टाकले, बाटली बंद करून जागेवर ठेवली आणि खुर्चीत बसून पेपर उघडला. मी काही बोललो नाही. तासाभराने ते पेपर खाली ठेवून उठले. काचेवर टिचकी मारली. "सलाम नवाबसाब. भूक लगी होगी." तेच शब्द, तोच स्वर, तळहातावर तेवढेच दाणे.

"अब्बा, अभी तो डाले थे ना आपने?"

"मैं?" ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर लपवाछपवी अजिबात नव्हती. "आज तो मैंने हाथ भी नहीं लगाया."

ते खोटं बोलत नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचं वजन एका किलोने इकडचं तिकडे केलं नाही, त्याच्या हातून हिशोब निसटत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. घरात तो दुसऱ्या कशात दिसला नव्हता. नमाजच्या वेळा त्यांना अजानीवरून कळत, जेवण ताटात येई, रस्ता पायांना पाठ होता. मोजून करायचं आणि लक्षात ठेवायचं असं त्यांच्याकडे एकच काम होतं, नवाबाचे दाणे. तिथेच तो दिसला, आणि माशाच्या पोटावर उमटला.

रात्री मी आणि पत्नी बराच वेळ बोललो. बाटली लपवून ठेवणं सोपं होतं. माशापुरतं ते पुरेसंही होतं. पण अब्बा येतील, टिचकी मारतील, बाटली शोधतील आणि ती सापडणार नाही. मग विचारतील. मग आपण काय सांगायचं? म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक काम काढून घेतलं जातं. आधी बाजारहाट, मग बँकेचा व्यवहार, मग सायकल. प्रत्येक वेळी कारण काळजीचंच असतं. पत्नी म्हणाली, "अब्बांच्या हातून बाटली घ्यायची नाही. दाण्यांचा हिशोब आपण करू, टाकायचं काम त्यांचंच राहील."

तिनेच तोडगा काढला. अब्बांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आमच्याकडे आठवड्याची डबी आहे. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकाचे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग. तशीच दुसरी डबी तिने आणली, हिरव्या रंगाची, म्हणजे गोळ्यांच्या पांढऱ्या डबीशी गल्लत नको. तीवर मुलीने मोठ्या अक्षरांत 'नवाब' लिहिलं. त्या आठवड्याचे पहिले कप्पे रिकामे ठेवले आणि झाकणावर कागद चिकटवला, 'रोजा'. अब्बांनी सकाळी डबी उघडली, कागद वाचला, मान हलवली आणि डबी मिटली. तासाभराने पुन्हा उघडली, पुन्हा वाचला, पुन्हा मिटली. एकदाही चिडले नाहीत. काट्यावर चिठ्ठीत लिहिलेलं ते आयुष्यभर मानत आले होते.

खऱ्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी नवाब थोडा सरळ झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ओरडतच आतून मला बोलवायला आली. पेटीच्या तळाशी विष्ठा पडलेली होती, काळपट तपकिरी, चांगली लांब. आमच्या घरात कुणी बोर्डात आलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. शेजारच्या काकू हळदी-कुंकवाच्या गडबडीतून मुद्दाम येऊन बघून गेल्या. अब्बा म्हणाले, "अलहमदुलिल्लाह, गाडी खाली हुई." काट्यावर रिकाम्या झालेल्या गाडीला ते हेच म्हणत.

त्याच आठवड्यात अब्बांना नाशिकला मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे दाखवलं. डॉक्टरांनी तीन शब्द सांगून लक्षात ठेवायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मग ते तीन शब्द विचारले. घड्याळ अब्बांनी सुरेख काढलं. शब्दांपैकी एकच आठवला. रक्ताच्या तपासण्या झाल्या. विसरण्यामागे कधी कधी थायरॉइड असतं, कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. साखरेची काही औषधं वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. अब्बांचं बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "यातलं काही परत येईल, काही येणार नाही. किती ते सहा महिन्यांनी कळेल. दिवसाची घडी बदलू नका. त्यांची कामं त्यांनाच करू द्या, सोपी करून द्या." पत्नीने माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या आधी आम्ही मुलीने लिहून दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे माशांच्या दुकानात गेलो आणि गोठवलेला डॅफ्निया घेतला. हे गोड्या पाण्यातले पिसवेएवढे जीव. त्यांच्या अंगावरचं कवच पचत नाही, ते आतड्यातून तसंच पुढे सरकतं आणि आतडं साफ करत जातं. आपल्या पोटात कोंड्याचं जे काम, तेच. बद्धकोष्ठ झालेल्या बेटाला मटारापेक्षा हे चांगलं. थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात पाकीट ठेवलं. एसटीत शेजारच्या माणसाने थर्मास पाहून चहा आहे का म्हणून विचारलं. अब्बा म्हणाले, "दवा है. मरीज घर पे है."

नवाब बरा झाला. पोट आत गेलं, पर उघडले. महिन्याभरात त्याने पेटीच्या कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटंही बांधलं. मुलीने कप्प्यांचा हिशोब ठरवला. सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन. आठवड्यातून दोनदा एका वेळचे दाणे वगळून डॅफ्निया. आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही, म्हणजे पोटाला सुट्टी. हा वार कोणता ठेवायचा ते अब्बांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "जुमेरात."

अब्बा पूर्वी सोमवारी आणि गुरुवारी नफिल रोजे ठेवत. साखर वाढल्यावर डॉक्टरांनी ते बंद केले. ते बंद झाल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. शिवाय आमच्या गल्लीत गुरुवार विसरणं कठीणच. शिर्डी आमच्यापासून जेमतेम १५ किलोमीटरवर आणि शेजारपाजारी गुरुवारचा उपास. काकूंच्या घरून सकाळी साबुदाण्याचा वास आला की अब्बांना वार कळतो. ते हिरवी डबी उघडतात, कप्पा रिकामा पाहतात आणि म्हणतात, "आज जुमेरात है, नवाबसाब."

पूर्वी हकीमांकडे जाणं होत असे. माझ्या आजोबांच्या वेळचे हकीम नाडी पाहायचे, पोटाची चौकशी करायचे आणि पुडी बांधण्याआधी परहेज सांगायचे. घरचे लोक पुडी लक्षात ठेवत आणि परहेज विसरत. पुडी देताना काही तरी दिल्यासारखं वाटतं. परहेजात नुसतं थांबायचं असतं. पोरगं चौथा लाडू मागतं तेव्हा, साखर असलेले मामू जिलेबीकडे बघतात तेव्हा, मासा काचेला तोंड लावून उभा असतो तेव्हा. बेटा तर दिसेल तेव्हा मागतो. भातखाचरात आज अळी मिळाली तर उद्या मिळेलच असं नसतं, म्हणून समोर येईल ते गिळायचं, हा त्याचा स्वभाव. पेटीत मात्र अन्न माणसाच्या हातात असतं. तिथे मोजण्याचं कामही माणसाकडेच येतं.

बेटाचं आयुष्य मुळात दोन-चार वर्षांचं. दुकानात येतानाच तो मोठा झालेला असतो. नवाब २०२५ च्या मे महिन्यात गेला. पोटाचा आजार पुन्हा झाला नाही. म्हातारा झाला होता, तळाशी पडून राहायचा, एका सकाळी हलला नाही. मुलीने त्याला परसात जास्वंदीखाली पुरलं. अब्बांनी माती लोटली.

बी-१२ च्या इंजेक्शनांनी अब्बांचं थोडं सावरलं. सकाळी काय खाल्लं हे आता बहुधा आठवतं. पण नवाब गेला हे आठवड्यातून एखाद्या दिवशी आठवत नाही. डबी तशीच खुर्चीशेजारी आहे. आम्ही तीत दाणे भरत नाही आणि ती उचलूनही ठेवलेली नाही. परवा ते खुर्चीतून उठले, रिकाम्या जागेपाशी थांबले, डबी उघडली आणि माझ्या मुलीला विचारलं, "आज जुमेरात है क्या?"

सोमवार होता. ती म्हणाली, "जी दादा, जुमेरात है."